जरा सरका, जागा होते

"जरा सरका, जागा होते," असं म्हणत आमचे आमदार आधी स्वतःच सरकायचे.

आमदार तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. गाडीतून उतरणारे पाहिले असतील, हारासाठी मान पुढे करणारे पाहिले असतील, लग्नात जेवणाच्या पंगतीतून हात जोडत फिरणारे तर पाहिलेच असतील. राजकारणातल्या माणसांचं मला कधीच फारसं कौतुक नव्हतं, आजही नाही. पण बाकावर सरकून दुसऱ्याला जागा करून देणारा आमदार मी जन्मात एकच पाहिला. आमच्या समोरच राहायचे ते.

गौलीगुड्यातली आमची गल्ली. त्यांचं घर रस्त्याला लागून, दुमजली, साधंच. पुढे शहाबादी फरशीचा ओटा आणि ओट्यावर एक लांब सागवानी बाक. सकाळी सातला माणसं यायला लागायची. अण्णा बाकाच्या मधोमध बसलेले असायचे. त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे. तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, मराठीतही तेच, आणि आमच्याकडच्या उर्दूवाल्यांनाही तो शब्द परका नव्हता. त्यामुळे त्यांचं खरं नाव मतपत्रिकेपुरतंच उरलं होतं. एक माणूस आला की अण्णा सरकत. दुसरा आला की आणखी सरकत. मराठी माणूस असला तर "जरा सरका", उर्दूवाला असला तर "सरको मियाँ, जगा होती", तेलुगू बाई असली तर "कोंचम जरगंडी अम्मा." नऊ वाजेपर्यंत बाक भरलेला असायचा आणि आमदारसाहेब खांबाला टेकून उभे.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. चहाचे पेले घेऊन बाहेर आल्या की त्या नवऱ्याकडे बघून म्हणायच्या, "असंच सरकत राहा. एक दिवस रस्त्यावर जाऊन बसाल." सगळे हसायचे. अण्णा सर्वांत जास्त हसायचे.

त्यांचं घराणं या शहरातलं जुनं. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील वकील. अण्णांनीही वकिलीची सनद घेतली होती, पण कोर्टात ते आशिलापेक्षा समोरच्या पक्षाचंच जास्त ऐकून घेत, असं त्यांचे वडील वैतागून सांगायचे. राजकारणात कसे पडले ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. आमच्या भागात मराठी मतं ती किती, मुठीत मावतील एवढी. तरी ते निवडून यायचे, आणि एकदा नव्हे. कारण सरळ होतं. त्यांनी कधी कुणाला चिठ्ठी लिहून दिली नाही. माणसाचं काम असलं की ते त्याच्यासोबत कचेरीत जायचे. "चिठ्ठी दिली की माणूस दारातून परत येतो बाई, सोबत गेलं की आत जातो," असं ते मला म्हणाले होते. मी जामबागेतल्या शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून मी त्यांची 'बाई'.

माझ्या सासूबाईंना एकदा अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. सरकारी दवाखान्यात खाट नव्हती. डॉक्टर बिचारे हात जोडून सांगत होते, बायकांचा वॉर्ड भरलाय, ठेवू कुठे? अण्णा आत गेले. डॉक्टरांशी वाद घातला नाही, फोन कुणाला केला नाही. वॉर्डाच्या मधे उभे राहिले आणि तिन्ही भाषांत आपलं वाक्य म्हणाले. बायकांच्या नातेवाइकांनी उठून खाटा सरकवायला सुरुवात केली. इकडची थोडी इकडे, तिकडची थोडी तिकडे, आणि खिडकीशी एका खाटेपुरती जागा झाली. सासूबाई त्या खाटेवर बऱ्या झाल्या. मला वाटतं, अशा गोष्टींनीच अण्णांचा घात केला. त्यांचं ते वाक्य आयुष्यात कधी खोटं ठरलंच नव्हतं.

विधानसभेत मात्र ते बोलत नसत. आमच्या शाळेच्या मुलींना मी एकदा सभागृह दाखवायला नेलं होतं. मुली गॅलरीत बसून डोळे फाडून अण्णांकडे बघत होत्या, आता उठतील, मग उठतील. ते उठले नाहीत. एक आमदार उशिरा आले, त्यांना बसायला जागा नव्हती, तेव्हा अण्णा हळूच सरकले. मुलींना हसू आवरेना. शिपायाने डोळे वटारले आणि मलाही वटारावे लागले. नंतर त्यांनी सगळ्या मुलींना कँटीनमध्ये चहा-बिस्किटं दिली. एका धीट मुलीने विचारलं, "अण्णा, तुम्ही बोलला का नाही?"

"बोलणारे तिथे पुष्कळ आहेत गं. कुणीतरी ऐकायला पण पाहिजे ना?"

"पण मग लोकांना कळणार कसं, तुम्ही होतात म्हणून?"

अण्णांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि ते विरघळून पडेपर्यंत विचार करत राहिले.

मग ती नवी वर्षं आली. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं पिवळं बूथ उघडलं. गच्च्यांवर तबकड्या बसल्या आणि घरात परदेशी वाहिन्या बोलायला लागल्या. ज्या रस्त्यावर सायकल आणि रिक्षा सोडून काही दिसत नसे तिथे नव्या नव्या मोटारी अंग चोरून जाऊ लागल्या. पुण्याहून माझा भाचा संगणकाच्या कंपनीत नोकरीला आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "आत्या, तुझ्या गल्लीत टॅक्सीवाला यायलाच तयार नाही." शहर मोठं करायचं आहे, बाहेरच्या कंपन्या येणार आहेत, त्यांना रुंद रस्ते लागतात, असं जो तो बोलू लागला. बोलण्यात खोटं काही नव्हतं. बस स्टँडकडे जाणारी गर्दी आमच्या गल्लीत तासन्‌तास तुंबायची. एकदा रुग्णवाहिका अडकली होती, तिचा तो भोंगा मी अजून विसरलेले नाही.

एका सकाळी माणसं टेप घेऊन आली आणि भिंतींवर लाल रंगाच्या खुणा करून गेली. आमच्या बाजूला काही नाही. सगळी तोडफोड समोरच्या बाजूला, म्हणजे अण्णांच्या रांगेला. कुणाचा ओटा जाणार होता, कुणाची पुढची खोली. अण्णांच्या घराला चिकटून सत्तारमियाँचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच. आत सत्तार, त्याचं छोटं टेबल आणि टिकटिकणारी घड्याळं, एवढ्यातच ते भरून जायचं. त्याच्या दुकानात लाल खूण पडली ती थेट मागच्या भिंतीवर.

त्या रात्री कुणाच्या घरी चूल पेटली असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सगळी रांग अण्णांच्या ओट्यावर. गल्लीतल्या वकिलांनी स्थगितीचे कागद तयारच ठेवले होते. म्हणाले, कोर्टात गेलो तर वर्षानुवर्षं एक वीट हलणार नाही. लोक अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. ते नाही म्हणाले असते तर रस्ता तिथेच अडला असता, यात शंका नाही.

अण्णा म्हणाले, "रस्ता तर पाहिजे. रुग्णवाहिका अडकली तेव्हा आपणच ओरडलो होतो. सगळे थोडं थोडं सरकू या. ज्यांची दुकानं पुरी जातात त्यांना मंडीच्या मागे पक्के गाळे मिळणार. मी वरपर्यंत बोललोय. जागा बघून आलोय."

सत्तार बाकावर बसला नव्हता. खाली पायरीवर उभा होता. तो म्हणाला, "अण्णा, आपके पीछे कमरे हैं, आप सरक जाते. मेरे पीछे दीवार है. सरकने के वास्ते पीछे जगा होना ना?"

मला आजही वाटतं की त्या सकाळी ओट्यावर जे काही बोललं गेलं त्यात शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य होतं.

अण्णा पायरी उतरून खाली गेले आणि त्याचा हात हातात घेतला. "सत्तारमियाँ, तुम्हारे को दुकान मिलती. मेरी ज़बान है. और सबसे पहले मेरा ओटा टूटता. इसके बाद तो भरोसा करते?"

लोक पांगल्यावर मी त्यांना अडवलं. माझी जीभ जरा तिखटच आहे. म्हटलं, "अण्णा, आधी गाळे बांधू द्या. मग ओटा तोडा."

ते हसले. "बाई, कुणीतरी आधी सरकावं लागतं. त्याशिवाय दुसरा सरकत नाही."

"दवाखान्यातल्या बायका सरकल्या. सरकार म्हणजे काय दवाखान्यातल्या बायका आहेत का?"

त्यावर ते वळले आणि बाक आत सरकवायला लागले.

त्यांनी स्वतः पहार घेतली. बाक आधीच आत नेला होता. सगळी गल्ली जमली होती, वर्तमानपत्रवाला फोटो काढत होता. पहिली फरशी निघाली तशी वहिनी पदर डोळ्याला लावून आत गेल्या. त्या ओट्यावर त्यांचं लग्नाचं माप ओलांडायच्या आधीचं औक्षण झालं होतं. अण्णांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते लोकांकडे बघून हसत होते. वकिलांनी आपले कागद गुंडाळले. आमदाराने आपला ओटा आपल्या हाताने तोडल्यावर कोर्टात जायचं कुठल्या तोंडाने? आठ दिवसांत अख्खी रांग माणसांनी आपल्याच हातांनी मागे घेतली. सत्तारने घड्याळं एकेक करून कापडात गुंडाळली, आणि ज्यांची होती त्यांच्या घरी स्वतः नेऊन दिली. इतकं शांतपणे झालेलं काम आम्ही कुठेच पाहिलं नाही, असं अधिकारी म्हणाले म्हणे.

रस्ता झाला. छान झाला. भाच्याची टॅक्सी दाराशी येऊ लागली.

गाळे झाले नाहीत. आज होतील, उद्या होतील. अण्णा रोज सचिवालयात जायचे. पूर्वी दुसऱ्याच्या सोबत जायचे, आता एकटेच. ज्या अधिकाऱ्याने शब्द दिला होता त्याची बदली झाली, आणि नव्या अधिकाऱ्याला तो शब्द माहीत नव्हता. मग एके दिवशी मंडीच्या मागच्या जागेला पत्र्याचं कुंपण पडलं आणि त्यावर रंगीत फलक लागला. तिथे काचेच्या भिंतींचं दुकानांचं संकुल होणार होतं, वातानुकूलित. तिथला सर्वांत लहान गाळासुद्धा सत्तारच्या सात पिढ्यांना परवडला नसता.

त्या अधिवेशनात अण्णा बोलले. गॅलरीत मी नव्हते. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी वाचल्या, आणि बाकीचं वहिनींनी सांगितलं. त्यांनी गल्लीतल्या मोडलेल्या दुकानांची नावं एकामागून एक घेतली. वेळ संपल्याची घंटा झाली. खाली बसा, असं सांगण्यात आलं. त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी सदऱ्याला धरून ओढलं. "मी जागा सोडणार नाही," असं ते म्हणाले, आणि उभेच राहिले. शेवटी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. आयुष्यभर दुसऱ्यासाठी सरकणारा तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच अडून बसला होता. तोवर गाळ्यांची जागा विकून झाली होती.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट दुसऱ्याला दिलं. अण्णा अपक्ष उभे राहिले आणि पडले. पडण्याचं त्यांना काही वाटलं नसतं. पण आमच्या शाळेतल्या केंद्रावरही, जिथे आमची गल्ली मत देते तिथेही, त्यांना कुणी फारसं विचारलं नव्हतं. ते कळल्यावर ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले, आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

त्यांचं घर आता ओट्याशिवायचं. दार उघडलं की थेट रस्ता. बाक पुढच्या खोलीत आला होता. सकाळी सातला दार उघडलं जायचं, अण्णा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाकावर मधोमध बसायचे. कुणी यायचं नाही. रस्ता इतका रुंद झाला होता की तो ओलांडून जायचं तर मलाही मोटारी थांबायची वाट बघावी लागे. मी गेले की ते सरकायचे. सगळा बाक रिकामा, तरी सरकायचे. मी शाळेतलं काहीबाही सांगत बसायचे.

सत्तार समोरच्या फुटपाथवर, माझ्या घराखाली, छत्री उघडून बसायचा. अण्णा त्याच्याकडे रोज जायचे. "मियाँ, हमारे सामनेवाले कमरे में टेबल लगा लो. पूरा कमरा खाली है." सत्तार भिंगातून डोळा न काढता म्हणायचा, "नक्को अण्णा." असं कितीतरी महिने चाललं. एकदा मी खिडकीतून सगळं ऐकलं. सत्तारने भिंग काढलं आणि म्हणाला, "मैं आपके कमरे में बैठ गया तो लोगाँ बोलते, मामला निपट गया. मेरे अकेले की दुकान थोड़ी गई, अण्णा?"

अण्णा तिथेच फुटपाथवर, सत्तारच्या शेजारी बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग ती सवयच झाली. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत आणि सत्तार घड्याळांकडे. एका उन्हाळ्यात मात्र मी पाहिलं, सत्तारने छत्री थोडी कलती केली होती. तिची सावली आता त्याच्या स्वतःच्या एका खांद्यावर येत नव्हती.

अण्णा गेले ते सकाळीच, सदरा घालून बाकावर बसलेले असताना. वहिनी चहा घेऊन आल्या तर मान खाली गेलेली.

मला वाटलं होतं, कोण येणार? नातेवाईक, मराठी मंडळाची चार माणसं, आणि पुष्पचक्र घेऊन पक्षाचा एखादा माणूस. तेवढे आलेच. देह ठेवायला खोलीत जागा पुरेना म्हणून कुणीतरी बाक उचलून बाहेर ठेवला. पण नंतर जी माणसं यायला लागली त्यांना बघून मी खिडकीतच उभी राहिले. ज्यांची दुकानं गेली होती ती माणसं. जी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हातगाडी लावत होती, जी सिकंदराबादला कुणाच्या दुकानात नोकरी करत होती, ती. येत होती आणि भिंतीला लागून उभी राहत होती. मी जिना उतरून, रस्ता ओलांडून अण्णांच्या दाराशी आले.

तिरडी उचलली आणि दाराशीच थांबली. रस्ता थांबेना. गाड्या एकीमागून एक, भोंगे वाजवत. पूर्वी गल्लीत कुणी गेलं की गल्ली आपोआप थांबायची. या रस्त्याला आता कुणाचीच ओळख राहिली नव्हती. खांदेकरी पाय पुढे टाकत आणि मागे घेत. मला रडू फुटलं. ज्या रस्त्यासाठी त्यांनी ओटा दिला तो रस्ता त्यांना शेवटचंही जाऊ देईना.

तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून सत्तार उठला. गाड्यांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "सरको! सरको मियाँ, जगा दो!"

एका मोटारवाल्याने काच खाली करून काहीतरी शिवी दिली. सत्तार हलला नाही. मग भिंतीशी उभी असलेली माणसं एकेक करून पुढे आली. "जरगंडी, जरगंडी!" "अहो सरका जरा!" त्या सगळ्यांनी हात पसरून रस्ता दोन्हीकडून अडवला. बस थांबल्या, मोटारी थांबल्या. एवढ्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध त्यांनी अण्णांना जागा करून दिली, आणि त्या जागेतून तिरडी गेली. मागच्या डाव्या बाजूला खांदा द्यायला सत्तार शिरला तेव्हा मराठी मंडळाचे एक काका न सांगता बाजूला झाले.

माणसं गेल्यावर रस्ता पुन्हा वाहायला लागला. आम्ही बायका मागे उरलो. बाहेर काढलेला बाक तसाच होता, बरोबर पूर्वी ओटा होता त्या ठिकाणी, अर्धा रस्त्यात. मोटारी त्याला वळसा घालून जात होत्या आणि भोंगे वाजवत होत्या. मी वहिनींना म्हटलं, आत चला, बाक मी आणवते कुणाकडून तरी.

वहिनी आत गेल्या नाहीत. त्या बाहेर आल्या आणि बाकावर मधोमध बसल्या. एका बसचा चालक जोरजोरात भोंगा वाजवत राहिला. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. मग मी उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या सरकल्या.